बेचाळीस सेकंद

आमच्या घरात चाळीस वर्षं एक गोष्ट सगळे धरून चाललेले आहेत: माझ्या मुलीला सिनेमाच्या शाखेत घेतलं नाही, कारण तिचं काम तेवढं चांगलं नव्हतं. तीही तसंच धरून चालली. बायको गेली तीही तेच मनात घेऊन गेली. ते खरं नाही. आता माझं वय पंचाऐंशीच्या पुढे आहे, तरी हे मला स्वतःच्या हातानेच लिहायचं आहे.

आम्ही शिकागोच्या एका उपनगरात राहत होतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ती मंदी ज्यांनी इथे काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पोलाद कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत मी डिझाइन इंजिनियर होतो. कारखानेच बंद पडू लागल्यावर यंत्रं कोण घेणार? ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी आमच्या मजल्यावरच्या अकरा जणांना ले-ऑफ मिळाला. माझी ड्रॉइंगची पेटी आणि टेबलावरचा कप घेऊन मी घरी आलो, कप धुऊन फडताळात ठेवला आणि कुणाला काहीच बोललो नाही.

वाटलं, दोन आठवड्यांत दुसरी नोकरी मिळेल, मग एकदमच सांगू. दोन आठवड्यांचे दोन महिने झाले. रोज सकाळी मी टाय बांधून निघायचो. बायको एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खात्यात कामाला होती, ती माझ्या आधी बाहेर पडायची, पण त्याआधी माझा डबा भरून ठेवायची. तो डबा घेऊन मी शेजारच्या गावातल्या लायब्ररीत जायचो. तिथे वर्तमानपत्रातल्या जाहिराती उतरवून घ्यायचो, अर्ज लिहायचो. दुपारी पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खायचो. आमच्या गावातल्या लायब्ररीत मी मुद्दाम जात नसे. तिथे कुणी ओळखीचं भेटलं असतं. पैशांचा हिशेब माझ्याकडे असे; पगाराच्या तारखेला मी शिलकीतून तेवढी रक्कम घरखर्चाच्या खात्यात टाकायचो.

मुलगी तेव्हा सतरा वर्षांची, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. वयाच्या तिसऱ्या वर्षी इथे आलेली. आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. तिचं बोलणं मी इथे बहुतेक मराठीतच लिहितो आहे. तिला सिनेमा करायचा होता. पडद्यावर दिसायचं नव्हतं, कॅमेऱ्यामागे उभं राहायचं होतं. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या मुलांमध्ये डॉक्टर, इंजिनियर आणि ‘अजून ठरलं नाही’ असे तीनच प्रकार होते. तिचं ठरलं होतं, म्हणून ती चौथी.

तिच्यासमोर दोन विद्यापीठं होती, दोन्ही सरकारी, दोन्ही प्रचंड. एक आमच्याच राज्यातलं, गाडीने अडीच तासांवर, मक्याच्या शेतांच्या मधोमध. दुसरं पार पश्चिम किनाऱ्यावर. आमच्या राज्यातल्या विद्यापीठात आम्ही तिला एका शनिवारी घेऊन गेलो. तिच्या वहीत प्रश्न लिहिलेले होते. पहिल्या वर्षी कॅमेरा हातात मिळतो का? वर्षाला किती मिनिटं शूट करता येतं? फिल्म कापायची टेबलं किती? तिथे सिनेमाची स्वतंत्र शाखा नव्हती. इंग्रजी आणि भाषण अशा दोन विभागांत मिळून चार-पाच कोर्स होते. ते शिकवणारे प्राध्यापक दाढीवाले, साधे गृहस्थ होते. त्यांनी एक खोली उघडून दाखवली. तीन कॅमेरे, एक टेबल.

“तिसऱ्या वर्षी हात लावायला मिळतो,” ते म्हणाले. “तोवर पाहायचं आणि त्यावर लिहायचं.”

“आणि तिकडे?” तिने पश्चिमेकडच्या विद्यापीठाचं नाव घेतलं.

ते हसले. “तिकडे पहिल्याच महिन्यात फिल्म वाया घालवायला देतात. तुला सिनेमा करायचाच असेल तर जिथे लवकर चुका करू देतात तिथे जा. हे मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नकोस.”

परतताना गाडीत मी त्या माणसावर वैतागलो होतो. “स्वतःचाच माल वाईट म्हणणारा दुकानदार पहिल्यांदा पाहिला!” बायको हसली. मुलगी मागच्या सीटवर वहीत काहीतरी खोडत होती. तिने आमच्या राज्यातल्या विद्यापीठाचं अख्खं पान खोडून टाकलं होतं, हे मला आरशात दिसलं.

पश्चिमेकडच्या विद्यापीठात प्रवेशाचे दोन भाग होते. विद्यापीठात प्रवेश गुणांवर मिळे, तो तिला मिळणार याची कुणालाच शंका नव्हती. पण सिनेमाच्या शाखेत थोडीच मुलं घेत, आणि त्यासाठी स्वतः केलेली दहा मिनिटांची फिल्म पाठवावी लागे. नोव्हेंबरपासून ती त्याच्या मागे लागली. शाळेचा छोटा सुपर-एट कॅमेरा, त्याला आवाज नाही. आवाज वेगळा, कॅसेटवर. फिल्म आणि कॅसेट एकाच वेळी सुरू करायची आणि दोन्ही बरोबर जुळून चालायला हवीत, अशी ती रचना. या फिल्मची निगेटिव्ह नसते. जी शूट केली तीच धुऊन येते, तीच कापायची, तीच जोडायची. एकच प्रत. हे तिनेच मला समजावून सांगितलं होतं.

विषय काय विचारलं तर म्हणायची, “आपलं घर. हिवाळ्यातलं.”

पहाटे स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर घेऊन उभी राहायची. बायको ओरडायची, “अगं बंद कर ते! पोळ्या लाटताना काय रेकॉर्ड करायचंय? माझं नाक वाहतंय त्याचाही आवाज येईल!”

“तोच हवाय,” ती म्हणायची.

आता संक्रांतीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथे सुरू झालं. मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मंडळाचे अध्यक्ष माझ्याच वयाचे, मोठ्या आवाजाचे. मुलीचं कुठवर आलं असं त्यांनी विचारलं. मी पश्चिमेकडच्या विद्यापीठाचं नाव सांगताच ते उभेच राहिले.

“अहो, मग आधी नाही का सांगायचं? माझा साडू तिथेच प्रोफेसर आहे!”

“सिनेमाचा?”

“केमिस्ट्रीचा. पण प्रोफेसर तो प्रोफेसर. फोन टाकतो आजच.”

मी नको म्हणालो नाही. आपल्याकडे अर्ज करायचा आणि मग कुणाकडून तरी शब्द टाकून घ्यायचा, याशिवाय अर्ज पुरा होतो हे आमच्या पिढीला पटतच नव्हतं. मी स्वतः पहिल्या नोकरीला चुलतमामाच्या चिठ्ठीवर लागलो होतो. चार दिवसांनी साडूंचाच फोन आला. “बिनधास्त राहा. फिल्म आली की मी स्वतः जाऊन बघतो, त्यांच्या डीनला भेटतो. पोरीचं काम झालं समजा.” मी फोनवरच वाकून नमस्कार केला. मुलीला यातलं काही सांगितलं नाही. तिने मोडता घातला असता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी फिल्म तयार झाली. बेसमेंटच्या टेबलावर शाळेतून आणलेला हाताने फिरवायचा व्ह्यूअर, फिल्म जोडायचं छोटं यंत्र, गुंडाळलेलं रीळ आणि कॅसेट होती. मी म्हणालो, “मी पोस्ट करतो सोमवारी. ऑफिसच्या समोरच पोस्ट आहे.” तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “ओके, बाबा.” मग त्या मायलेकी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत किराणा आणायला गेल्या. नेहमी मी गाडी चालवायला जायचो. त्या दिवशी पाठ दुखते म्हणालो. खरं म्हणजे साडू पाहणार ती फिल्म आधी मला पाहायची होती.

मी रीळ चढवलं आणि हँडल फिरवू लागलो. पोस्टकार्डाएवढा पडदा. दारातले ओले बूट. बायको पोळ्या लाटते आहे. माझ्या शर्टाची कॉलर, तिच्यावर फिरणारी इस्त्री. माझा टाय. गराजमधून मागे येणारी आमची गाडी. मला बरं वाटत होतं. पोरीला नजर आहे, असं मनात म्हणालो.

मग लायब्ररीचं पार्किंग आलं.

गाडी लांबून दिसत होती, मग कॅमेरा हळूहळू जवळ गेला. काचेआड मी. मांडीवर डबा. मी पोळीचा तुकडा मोडतो, खातो, खाली बघतो. काचेवर श्वासाची वाफ धरते, ती मी बाहीने पुसतो. डबा बंद करतो. कागदी रुमालाची नीट घडी घालतो. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो आणि बसून राहतो. गाडी सुरू नाही. कुठे जायचं नाही.

कॅमेरा हललेला नव्हता. एवढ्या थंडीत बोटं गारठली असतील, पण तिने तो हलू दिला नव्हता.

तिला माहीत होतं. मला आठवलं, पूर्वी रोज जेवताना ती विचारायची, “हाऊ वॉज वर्क, बाबा?” डिसेंबरपासून तिने विचारणं बंद केलं होतं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

त्यापुढे संध्याकाळ होती. बायको माझ्या बॅगेतून रिकामा डबा काढते आणि नळाखाली धरते.

मी पुन्हा मागे फिरवून पाहिलं, तीनदा. आणि माझ्या डोक्यात मुलगी नव्हती, विद्यापीठ नव्हतं. साडू होते. साडू ही फिल्म पाहणार. साडूंची बायको बहिणीला फोन करणार. ती बहीण म्हणजे आमच्या अध्यक्षांची बायको. होळीच्या आत सगळ्या मंडळाला कळणार की हा माणूस चार महिने टाय लावून पार्किंगमध्ये बसतो. आणि माझ्या बायकोला ते कुणीतरी पुरणपोळी वाढताना सांगणार.

मी ड्राफ्टिंग बोर्डावर वाढलेला माणूस. कापणं, जोडणं हा माझ्या हातचा मळ. तिच्या जोडांपेक्षा माझा जोड सरळ आला. गाडी गराजमधून बाहेर पडते आणि लगेच संध्याकाळ होते. कापलेल्या पट्टीची मी गुंडाळी केली. टाकवेना, म्हणून ड्रॉइंगच्या पेटीत कंपासच्या खाचेत दाबून ठेवली. त्या दोघी परत आल्या तेव्हा पार्सल बांधून झालं होतं.

“दुकानात ताजी मेथी होती,” बायको म्हणाली. “पाठ कशी आहे?”

कॅसेट मी ऐकली नव्हती. इंजिनियर असून माझ्या डोक्यात आलं नाही की चित्र कापलं की पुढचा सगळा आवाज सरकतो.

एप्रिलमध्ये आधी जाड लिफाफा आला. पश्चिमेकडच्या विद्यापीठात प्रवेश. त्यानंतर आठवड्याने सिनेमाच्या शाखेचं पाकीट आलं. त्यात तिची फिल्म आणि कॅसेट होती, नकाराचं छापील पत्र होतं आणि पाहणाऱ्यांपैकी कुणीतरी हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. ती तिने स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचून दाखवली. पहिली चार मिनिटं फार चांगली आहेत, पुढे आवाज आणि चित्र यांची फारकत होते, मध्यभागी काहीतरी असायला हवं होतं ते नाही, असं काहीसं होतं. माझ्या हातात चहाचा कप होता.

“मी इतक्यांदा तपासलं होतं,” ती म्हणाली. “किमान वीस वेळा.” मग थोड्या वेळाने, “टेपरेकॉर्डरचा स्पीड असेल. माझंच चुकलं. मला ऐकू आलं नाही म्हणजे मला कानच नाहीत.”

त्या क्षणी बोलायचं होतं. मी म्हणालो, “होतं असं.”

तिला ती फिल्म पुन्हा चालवून पाहायची होती, पण व्ह्यूअर शाळेत परत गेला होता. “मी सोमवारी मागून आणते,” ती म्हणाली. मी म्हणालो, “आता काय उपयोग? ठेवून दे.” ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही. सोमवारी ती रिकाम्या हाताने आली. तिने मागितलाच नव्हता. फिल्म आणि कॅसेट एका खोक्यात गेली आणि खोका कपाटात सर्वांत खाली.

तरीही तिने सोडलं नव्हतं. मे उजाडायच्या आत उत्तर कळवायचं होतं. एका संध्याकाळी दोन्ही विद्यापीठांची पत्रं तिने जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

“बाबा, मी तिकडे गेले तर? नुसती, कुठल्याही विषयात. दुसऱ्या वर्षी पुन्हा फिल्म पाठवता येते. मी नवी करेन. मला फक्त तिथे असायला हवंय.”

बायको माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं माझी नोकरी आहे. परराज्यातल्या मुलांना पडणारी जादा फी जड जाईल, पण जमेल असा तिचा हिशेब होता. मला माहीत होतं की जमणार नाही. ते सांगायचं तर ऑक्टोबरपासूनचं सगळं सांगावं लागलं असतं. आणि समोरची मुलगी ते सगळं आधीच जाणून होती, तिला ते ठाऊक आहे हे मला कळलंय, एवढं मात्र तिला माहीत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आता वाटतं, ती मला संधी देत होती.

मी म्हणालो, “हे बघ, तिथे सगळ्या देशातून मुलं येतात. ज्यांना कळतं त्यांनी तुझं काम पाहिलं आणि नको म्हटलं. आपली उडी तेवढी नसेल. त्यात लाजण्यासारखं काय आहे?”

 तिने पश्चिमेकडचं पत्र उचललं, घडी घातली आणि कचऱ्यात न टाकता माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

“ओके,” ती म्हणाली.

मे महिन्याच्या शेवटी मला हवा खेळवण्याचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. बायकोला सांगितलं, कंपनी बदलली. ती खूश झाली. ऑगस्टमध्ये आम्ही मुलीला मक्याच्या शेतांमधल्या विद्यापीठात सोडून आलो. त्या दाढीवाल्या प्राध्यापकांचा एक कोर्स तिने घेतला, दुसरा घेतला नाही. पुढे विमा कंपनीत लागली, बढत्या घेतल्या, चांगलं नाव कमावलं. मंडळात कुणी म्हणालं, “बरं झालं, नाद सुटला,” की मी हसायचो. नुसता हसायचो नाही. “बालवयात असतं असं,” हेही म्हणायचो. ती शेजारी उभी असतानासुद्धा म्हटलं आहे.

काही वर्षांनी एका लग्नात ते साडू भेटले. मी आभार मानण्याच्या निमित्ताने विषय काढला. त्यांना आठवेचना. मग म्हणाले, “ती फिल्म? छे हो! आम्हा केमिस्ट्रीवाल्यांना तिथे कोण आत सोडतंय? त्या शाखेची इमारत कुठल्या बाजूला आहे हेही मला माहीत नाही. तुमचं मन राखायला बोललो असेन. जिलबी घेतली का?”

मी जिलबी घेतली.

बायको दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर मी मुलीकडे राहायला आलो. तिच्या घरी खालची खोली माझी आहे. सामान लावताना ड्रॉइंगची पेटी तिनेच उचलून टेबलावर ठेवली. “अजून जपलीस हं,” म्हणाली. तेव्हापासून पेटी रोज डोळ्यांसमोर होती. हे सगळं मी आधी मराठीत लिहायला घेतलं, आणि पाच-सहा पानांवर थांबलो. तिला मराठी वाचता येत नाही. म्हणजे तिच्याच घरात बसून मी पुन्हा तिच्यापासून लपवून लिहीत होतो.

गेल्या रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. मी पेटी घेऊन गेलो, समोर बसलो आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं.  पेटी उघडून मी गुंडाळी तिच्यापुढे ठेवली.

तिने ती उचलली नाही. आधी म्हणाली, “फोर्टी-टू सेकंड्स.”

मी ती पट्टी एकदा मोजली होती. साडेदहा फूट. तेवढेच सेकंद होतात.

“त्याच्यावर आईचा आवाज होता,” ती म्हणाली. “सकाळी डबा भरतानाचा. तू गाडीत खातोयस आणि ती बोलतेय.” मग तिने आईचं वाक्य मराठीत म्हटलं, तिच्या त्या अडखळत्या मराठीत: “‘चटणी वेगळी बांधलीय हं. थंड खाऊ नका, कुठेतरी गरम करून घ्या.’”

मी चाळीस वर्षं ते ऐकलं नव्हतं. माझ्या कापण्यामुळे ते वाक्य रिकामा डबा धुण्यावर जाऊन पडलं असणार.

तिने गुंडाळी उलगडून खिडकीकडे धरली. चष्मा कपाळावर सरकवला. एक हातभर पट्टी पाहिली, पुढची पाहिली. तिचे केस माझ्या आईइतके पांढरे झाले आहेत, हे मला त्या उजेडात दिसलं.

“कापलंस ते समजू शकते,” ती म्हणाली. “मी तुला न विचारता घेतलं होतं. मलाही भीती वाटत होती. मला वाटलं होतं, तू पाहशील आणि आपण बोलू. पण एप्रिल? त्या टेबलावर? माझ्यात ते नाही, असं तू का म्हणालास?”

मी खूप कारणं जमवून ठेवली होती. नोकरी, मंडळ, तिची आई, फी. ती सगळी बाजूला ठेवली.

“त्यांनी तुला नाही म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं,” मी म्हणालो. “तू गेली असतीस तर मला सांगावं लागलं असतं.”

तिने मान हलवली. “थँक यू,” म्हणाली. काउंटरवरून कागद परत मिळाला की म्हणतात तसं. पट्टी गुंडाळून मुठीत घेतली, निवडायची भाजी तशीच टेबलावर सोडली आणि वर गेली.

आज गुरुवार आहे. अर्धवट राहिलेली ही पानं मी पुरी करतो आहे. ती माझं ताट वाढते, औषधं काढून ठेवते, दिवा लावते. बोलत नाही. काल दुपारी वरच्या कपाटातून काहीतरी ओढून काढल्याचा आवाज आला. फिल्मचा तो जुना खोका असेल. मी जिन्याच्या खाली उभा राहिलो, कठड्यावर हात ठेवून. वरून हाक आली नाही.